तिसऱ्या भागाची नोंद

१

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण नेहमीची यादी काही आली नाही. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत एवढंच उमटलं : 'एरर २२'. पुढे नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

आमचं ऑफिस म्हणजे गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दारावर पाटी होती, 'विहीर नोंद केंद्र'. चांदवड आणि देवळा तालुक्यांतल्या चाळीस विहिरींची पाण्याची पातळी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजत होतो. हे काम सावळीराम निकम सरांनी १९९२ साली सुरू केलं. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर पेन्शनमधून त्यांनी हे केंद्र चालवलं. आम्ही तिघं त्यांच्या हाताखाली होतो. मी, सुवर्णा शिरसाठ, आकडे कॉम्प्युटरवर चढवायची. ललित कुलथे कॉम्प्युटर सांभाळायचा आणि चांदवडकडच्या वीस विहिरी मोजायचा. देवळ्याकडच्या वीस समाधान आहेर मोजायचा. समाधान देवळ्याचाच. शिकायला नाशकात आला आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत राहू लागला.

त्या कॉम्प्युटरवर दोन संसार होते. चालू केला की दोन नावांची यादी यायची, विंडोज आणि लिनक्स. पत्रं आणि मराठी टायपिंग विंडोजमध्ये. विहिरींची सगळी नोंद लिनक्समध्ये, कारण तिथं व्हायरस शिरत नाही असं ललितचं म्हणणं. अकरा वर्षांची नोंद तिथं होती आणि फक्त तिथंच होती. मूळ वह्या मागच्या वर्षी छतावरची टाकी फुटली तेव्हा भिजून लगदा झाल्या होत्या.

गुरुवारी सरकारी समितीपुढे सुनावणी होती. दोन तालुक्यांच्या शिवेवर बाटलीबंद पाण्याचा कारखाना यायचा होता. तो रोज तीन लाख लिटर पाणी उपसणार होता. आसपासच्या गावांनी हरकत घेतली होती, आणि त्यांच्या हातात पुरावा म्हणून आमची नोंद सोडून काही नव्हतं.

ललित अकराला आला. त्यानं एक फ्लॉपी घातली, दोन शब्द टाइप केले, आणि विंडोज सुरू झालं. मला हायसं वाटलं. पण तो खुर्चीतून उठला नाही. त्यानं डिस्कचा नकाशा उघडला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"सुवर्णा, लिनक्स नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"जिथं होतं तिथं रिकामी जागा दाखवतंय."

२

अशोक स्तंभाजवळ छाया गायधनींचं दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. नोकरी सोडून त्यांनी कॉम्प्युटर उघडायला घेतले तेव्हा लोक हसले होते. माझी मोठी बहीण त्यांच्याकडे काम शिकली होती, म्हणून मी त्यांना ओळखत होते. दुपारी त्या आल्या. आल्या आल्या त्यांनी कुणाला नाव-गाव विचारलं नाही, थेट मशीनपाशी बसल्या. आम्ही चौघं मागे उभे.

"परत मिळेल का?" ललितनं विचारलं.

"ताई, मिळंल ना परत?" समाधाननं विचारलं. मीही तेच विचारलं.

निकम सर म्हणाले, "हे आपोआप होऊ शकतं ना हो? वीज गेली-आली, असं काही?"

पंधरा मिनिटांनी त्या आमच्याकडे वळल्या.

"सर, तुमची शेती आहे?"

"देवळ्याजवळ आहे थोडी."

"मग सोपं आहे. ही डिस्क म्हणजे जमीन. तिचे तीन भाग पाडलेले. पहिला विंडोजचा, दुसरा लिनक्सच्या कच्च्या कामाचा छोटा तुकडा, तिसरा लिनक्सचा, ज्यात तुमच्या विहिरी. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे डिस्कच्या अगदी सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. सातबाराच म्हणा. त्या तक्त्यातली तिसऱ्या भागाची ओळ खोडलेली आहे. सुरुवातीची यादी दाखवणारा प्रोग्राम तिसऱ्या भागातच राहतो. त्याला स्वतःचंच घर सापडेना, म्हणून एरर बावीस."

"आणि जमीन?" मी विचारलं.

"जमीन बहुधा जागेवरच आहे. उतारा फाडला म्हणून पीक जळत नाही. पण वर कुणी दुसरं काही पेरलं तर गेलं. आजपासून या मशीनला हात लावायचा नाही. मी डिस्क काढून नेते, तिची हुबेहूब प्रत करते, मग बघू."

त्यांनी पेचकस काढला. सर पुन्हा म्हणाले, "गुरुवारपर्यंत नाही झालं तर राहू द्या. मी तारीख पुढं मागून घेईन. यंत्र बिघडलं याला कोण काय करणार."

छायाताई स्क्रू काढता काढता थांबल्या.

"यंत्र नाही बिघडलं, सर. वीज गेल्यानं तक्ता खराब होतो तेव्हा सगळाच खराब होतो. इथं पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा आहेत आणि तिसरीच नेमकी पुसलेली. हे कुणीतरी बसून केलंय."

३

मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या डिस्क घेऊन परत आल्या. प्रत दुकानात सुरक्षित होती. मूळ डिस्क त्यांनी जागेवर बसवली आणि तक्त्यात तिसरी ओळ पुन्हा लिहिली.

"आकडे कुठून आणले?" ललितनं विचारलं.

"तूच सांग."

"दुसरा संपतो तिथून सुरू आणि डिस्कच्या शेवटापर्यंत. बाकी सगळी जागा तिसऱ्याचीच होती."

"बरोबर. जाणकाराला कागद लागत नाही."

ललितनं वर्षभरापूर्वी बनवून ठेवलेली लिनक्सची फ्लॉपी टाकली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावल्या. मग आमचा नेहमीचा काळा पडदा आला. मी विहीर क्रमांक एक उघडली. जून १९९२, सात मीटर वीस. शेवटची विहीर उघडली. सगळं होतं. माझे डोळे भरून आले, आणि समाधान भिंतीला टेकून खाली बसला. निकम सर "चांगलं झालं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. ते बऱ्याच वेळानं परत आले.

छायाताई मात्र टाइप करत होत्या.

"ज्यानं केलं, त्यानं ते लिनक्समध्ये शिरूनच केलं," त्या म्हणाल्या. "आणि गंमत अशी आहे, की ओळ खोडली तरी चालू असलेलं लिनक्स बंद होईपर्यंत जुन्याच नकाशावर चालतं. बंद होताना आपण काय काय केलं ते इमानानं लिहून ठेवतं. हे बघा."

दोन आज्ञा होत्या. पहिलीत डिस्कच्या भागांचा तक्ता प्रिंटरवर छापला होता. दुसरीत तो तक्ता बदलायचा प्रोग्राम उघडला होता. त्यानंतर लगेच मशीन बंद.

"कधी?" ललितनं विचारलं.

छायाताईंनी तारीख वाचली. "शनिवार, एक नोव्हेंबर. रात्री आठ चाळीस."

शनिवारी ऑफिस पाचला बंद होतं. त्यानंतर आत एकच माणूस असतो. आम्ही सगळे भिंतीपाशी बसलेल्या समाधानकडे बघत होतो.

४

छायाताईंनी एकेकाला मागच्या खोलीत बोलावलं. सर म्हणाले, "सुवर्णाला बसू द्या सोबत. लिहून घेईल." म्हणून मी तिथं होते.

आधी समाधान.

"शनिवारी पावणेनऊला कुठं होतास?"

"हितंच. सकाळी देवळ्याला गेलो, भावाच्या मोटारसायकलवर वीस इहिरी फिरलो. सातला सीबीएस स्टँडवर उतरलो. खिचडी टाकली, जेवलो, झोपलो. रविवारी माझा मुक्त विद्यापीठाचा तास असतो, म्हनून परत आलो. नायतर घरीच राह्यलो असतो."

"विहिरींची वही?"

त्यानं पिशवीतून काढून दिली. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिलेली होती. सरांची शिस्तच होती तशी. छायाताईंनी वही चाळली, माझ्याकडून वेळा उतरवून घेतल्या आणि ती परत दिली. आठ चाळीसला त्या वहीचा काही उपयोग नव्हता.

"तुझ्या भावाला कारखान्यात नोकरी देणार होते म्हणे."

"ईचारलं व्हतं. त्यो नाय म्हनला."

"लिनक्सचा मुख्य पासवर्ड तुला माहीत आहे?"

"मी फीत सोडतो ताई, आकडा लिहितो. फुडचं मला काय बी कळत नाय." मग तो जरा घुटमळला. "एक सांगू? नोंद आली ना परत? मंग आता बास करा. जास्त उकरू नका."

"का?"

तो खाली मान घालून बसला.

ललित तापलेला होता. शनिवारी तो दिवसभर चांदवडला होता. त्याच्या वहीतही वेळा होत्या, संध्याकाळी साडेसहापर्यंतच्या. मुख्य पासवर्ड त्याला माहीत होता. शिवाय तो त्यानं एका बंद पाकिटात घालून सरांच्या कपाटात ठेवला होता, अडीअडचणीला म्हणून. "त्या कपाटाला कुलूप कधीच नसतं," तो म्हणाला. "मागच्या खोलीत राहणाऱ्याला ते उघडायला किती वेळ? मी तर म्हणतो पोलिसात जाऊ."

मी शनिवारी दोनला निघाले होते आणि बहिणीकडे नाशिक रोडला गेले होते. मला पासवर्ड माहीत नव्हता, पण कपाट मलाही उघडता येत होतं. हे मी स्वतःच सांगितलं. छायाताईंनी मान डोलावली.

सर शेवटी आले. अडुसष्ट वर्षांचे, सरळ पाठीचे. त्या दिवशी मात्र खुर्चीत वाकून बसले होते.

"मी दोनला आलो, सुवर्णा निघाली तेव्हा. पाचपर्यंत पुढच्याच खोलीत होतो. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. पाचला कुलूप लावून घरी गेलो."

"कॉम्प्युटर येतो तुम्हाला?"

"ललितनं थोडं शिकवलंय. सकाळी आकडे तपासतो अर्धा तास." मग म्हणाले, "बाई, पोलीस नकोत. पोरगा चांगला आहे. काही झालं असेल तर त्याचं त्याच्यापाशी."

मला वाटलं, केवढं मोठं मन.

बाहेर आलो तर ललित समाधानला सांगत होता, "गुरुवारपर्यंत तू इथं थांबू नकोस. मशीनजवळ तर नाहीच." समाधाननं सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे तोंड केलं.

समाधाननं पिशवीत दोन कपडे आणि पुस्तकं भरली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि सीबीएसच्या दिशेनं चालत गेला.

५

बुधवारी छायाताई परत आल्या त्या सुनावणीसाठी नोंदीची छापील प्रत काढायला. सुरुवातीची दोन नावांची यादीही त्यांनी पुन्हा बसवून दिली. प्रिंटर कुरकुरत ओळी ओढत होता. मी कागदांची टोकं फाडत होते. ललित गठ्ठे लावत होता. सर घरी होते.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापल्याची वेळ यावी म्हणून छायाताईंनी एक शब्द टाइप केला. पडद्यावर आलेल्या ओळीकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सुवर्णा, तुझ्या घड्याळात किती?"

"बारा दहा."

"ललित?"

"बारा अकरा."

"इथं सतरा चाळीस लिहिलंय. संध्याकाळचे पाच चाळीस."

ललित पुढे वाकला. "घड्याळ पुढं आहे?"

"किती पुढं?"

मी बोटं मोजली. "साडेपाच तास."

"बरोबर साडेपाच. घड्याळ नुसतं बिघडलेलं असतं तर सात मिनिटं पुढं असतं, नाहीतर तीन तास. साडेपाच म्हणजे आपल्यात आणि ग्रीनिचमध्ये आहे तेवढंच अंतर. ललित, तू लिनक्स टाकलंस तेव्हा एक प्रश्न विचारला गेला असेल. मशीनचं आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे का?"

ललित आठवत होता. "एक चौकट होती. मी त्यात टिचकी मारली. सगळीकडे तसंच करतात म्हणून."

"ज्या मशीनवर फक्त लिनक्स आहे तिथं चालतं. इथं विंडोज शेजारी आहे. विंडोज आतलं घड्याळ नाशिकच्या वेळेवर ठेवतं. लिनक्स त्यालाच ग्रीनिचची वेळ समजतं आणि वर साडेपाच तास चढवतं. तुम्ही काळ्या पडद्यावर काम करता, तिथं कोपऱ्यात घड्याळ नाही. म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही कालच लक्षात यायला हवं होतं. पोराला घालवून बसलो."

रात्री आठ चाळीसमधून साडेपाच तास वजा. मी मनात वजाबाकी केली. ललितनंही केली असावी, कारण त्याच्या हातातला गठ्ठा खाली ठेवला गेला.

"दुपारी तीन दहा," तो म्हणाला.

"तीन दहाला समाधान कुठं होता ते तू उतरवून घेतलेल्या वेळांत आहे, सुवर्णा. तीन पाचला सुलाबाई आहेरांची विहीर, तीन पंचवीसला पुढची. देवळ्याहून वीस मिनिटांत इथं येऊन जाता येत नाही. तू चांदवडला. सुवर्णा दोनला निघालेली."

"आणि पुढच्या खोलीत…" मी थांबले.

"दोन ते पाच कोण होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. आठ चाळीसची वेळ निघाल्यावर सांगितलं, म्हणून मोकळेपणानं सांगितलं."

ललित म्हणाला, "शक्य नाही. सरांनी अकरा वर्षं घातलीत यात. ते कशाला पुसतील?"

"पुसलं कुठं? दोन मिनिटांत तो भाग कायमचा कोरा करता आला असता. त्यांनी नुसती ओळ काढली, आणि काढण्याआधी तक्ता छापून घेतला. ज्याला येतं त्याला तो कागद लागत नाही. तूही काल तोंडानं सांगितलंस. ज्याला धड येत नाही, पण नोंद परत आणायचीच आहे, त्याला कागद लागतो. आणि पहिल्या दिवशी तुम्ही तिघांनी विचारलं, परत मिळेल का. सरांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं, मिळेल."

प्रिंटर थांबला होता. मी कागद भरायला उठले नाही.

६

सरांचं घर पंडित कॉलनीत. आम्ही तिघं गेलो. छायाताईंनी घड्याळाची गोष्ट सांगायला सुरुवात केली तेवढ्यात सर उठले, आत गेले आणि एक घडी केलेला लांब कागद घेऊन आले. तीन ओळींचा तक्ता. तिसऱ्या ओळीखाली शाईनं रेघ मारलेली होती.

"काल ती वेळ ऐकली तेव्हा मलाही कळेना," ते म्हणाले. "मी तीनच्या सुमारास केलं होतं. यंत्रच माझ्या बाजूनं खोटं बोललं."

"पण का, सर?" ललितनं विचारलं.

सरांनी सांगितलं ते असं. २००० सालच्या जानेवारीत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आजारी पडल्या. दीड वर्ष हॉस्पिटल आणि घर चालू होतं. तेव्हा समाधानही नव्हता आणि ललितही नव्हता, सर एकटेच मोजत. चांदवडच्या विहिरी रस्त्याला लागून होत्या. त्या आणि देवळ्याच्या जवळच्या नऊ त्यांनी कशाबशा केल्या. वरच्या अंगाच्या अकरा विहिरींवर ते गेलेच नाहीत. शेजारच्या विहिरींवरून अंदाज बांधला आणि घरी बसून आकडे लिहिले. काकू जून २००१ मध्ये गेल्या. मग वर्षं उलटली, आकडे नोंदीत मिसळून गेले.

"गेल्या आठवड्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. प्रत्येक आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे, असं प्रतिज्ञापत्र मागितलंय. मला सही करवेना. आणि खरं सांगावं तर चाळीस विहिरींवर पाणी पडेल. यंत्र बिघडलं म्हटलं तर तारीख पुढं जाईल, तेवढ्यात काही सुचेल असं वाटलं. कुणाचं नाव येईल हे डोक्यातच नव्हतं."

छायाताई म्हणाल्या, "सर, त्या आकड्यांचं तुमचं तुम्ही बघा. पण काल तो पिशवी भरत होता तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात."

सरांनी मान हलवली. चपला घातल्या आणि मला म्हणाले, "देवळ्याची गाडी किती वाजता आहे? तू येशील का बरोबर?"

दिवेलागणीला आम्ही समाधानच्या घरी पोचलो. तो ओट्यावर पुस्तक घेऊन बसला होता. त्यानं सरांना पाणी आणून दिलं. सरांनी तांब्या हातातच धरून सगळं सांगितलं, काही न गाळता. सांगून झाल्यावर समाधान म्हणाला,

"मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"मी कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात सुलाबाई म्हनली, बाबा, दीड वर्स झालं, फीत घेऊन कुनीच आलं नाय. वर म्हादू अन्ना बी तेच म्हनले. मी नोंद बघितली तर दर महिन्याचे आकडे हायेत. तवा समजलो."

"मग काल का नाही बोललास? तुझ्यावर आळ आला होता," सर म्हणाले.

"बोललो असतो तर नोंदच खोटी ठरली असती. लोकांच्या इहिरींचा पुरावा गेला असता. आन काकू त्या टायमाला हॉस्पिटलात व्हत्या. मला वाटलं, कुनाचंबी असं व्हईल. त्याचं मला काय नाय वाटलं सर. पन काल ललितभाऊ मला जा म्हनले आन तुमी गप बसला. त्ये लागलं."

सर म्हणाले, "लागणारच." त्यांनी माफी मागितली. समाधान हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. जेवून जा, एवढंच म्हणाला. आम्ही जेवलो.

गुरुवारी सुनावणीला हॉल भरलेला होता. मागे दोन्ही तालुक्यांतली माणसं उभी होती. समाधान त्यांच्यात होता, आमच्या रांगेत नव्हता. सरांनी प्रतिज्ञापत्राऐवजी दोन पानी निवेदन दिलं आणि ते स्वतः वाचलं. वकील उभा राहिला.

"म्हणजे या नोंदीतले आकडे खोटे आहेत."

"काही आहेत."

"किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव. अकरा विहिरी, अठरा महिने." सरांच्या हातात कागद नव्हता. "कुठले ते वेगळ्या यादीत दिलेत. उरलेला प्रत्येक आकडा मोजलेला आहे. आणि त्या अकरांचा आजचा आकडा हवा असेल तर आत्ता गाडी काढा, मी दाखवतो."

वकिलानं सगळीच नोंद बाद करा असा आग्रह धरला. दुपारपर्यंत वाद चालला. समितीनं ते एकशे अठ्ठ्याण्णव आकडे काढून टाकले. बाकीचे ठेवले, पण नुसत्या त्यांच्यावर निर्णय देता येणार नाही असं म्हटलं. पुढचं वर्षभर दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर सगळ्या विहिरी पुन्हा मोजायच्या, आणि तोवर कारखान्याला उपशाची परवानगी नाही. गावकऱ्यांपैकी काही जण सरांशी न बोलता निघून गेले. एका म्हाताऱ्यानं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात सरांनी केंद्राचं अध्यक्षपद सोडलं. ललित समाधानला भेटायला देवळ्याला गेला. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. समाधान मागच्या खोलीत पुन्हा राहायला आला नाही. त्यानं मखमलाबाद रोडला मित्राबरोबर खोली घेतली. पण काम सोडलं नाही.

एक डिसेंबरला सोमवार होता. वरच्या अंगाच्या विहिरींवर जायला समाधानबरोबर कुणीतरी हवं होतं, कारण आता दोन सह्या लागणार होत्या. सर स्वतःहून म्हणाले, मी येतो, वही धरीन. कंपनीचा माणूस आणि मीही गेलो. ऊन चढायच्या आत आम्ही पहिल्या विहिरीवर पोचलो. समाधाननं काठावर गुडघा टेकून फीत आत सोडली, पाण्याला टेकल्याचा अंदाज घेतला, वर ओढली आणि ओल लागली होती तिथला आकडा मोठ्यानं वाचला. सरांनी तो लिहिला, वेळ घातली, आणि सही करून वही त्याच्यापुढे केली.

एरवी समाधान सरांच्या हातून आलेल्या कागदावर न बघता सही करायचा. त्यानं वही घेतली, फीत पुन्हा सरळ केली, लिहिलेला आकडा फितीशी पडताळून पाहिला. मग त्यानं पेन मागितलं आणि खाली सही केली.

"चला सर," तो म्हणाला, "अजून धा हायेत."